पोटुशींच्या यादीतले अप्पा

“पोटुशी बायांच्या सरकारी रजिस्टरात माझं नाव हाय. नुसतं नाव न्हाई. वय, म्हैने, सुईची तारीख, समदं हाय. आन नवऱ्याच्या रकान्यात माझ्या बायकोचं नाव हाय. आता बोला! मला ठाव हाय, तुमच्यातली एक बी मानणार न्हाई.”

उपकेंद्राच्या ओट्यावर नऊ पोटुशी बसल्या होत्या. बरोबर आलेल्या आया-सासवा वेगळ्या. सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. मला हेच हवं असतं.

“अप्पा, कितवा चालूय तुमाला?” ईरम्मा म्हणाली. ही गिरणीवाल्याची सून, तिसऱ्या खेपेची, तोंडाची फटकळ.

“तवा नववा सरत होता. आन अजून बाळंत झालो न्हाई. यंदा दहा वर्सं झाली. भालकीचे मोठे डॉक्टर तपासणीला आले, चष्मा पुसला, रजिस्टर बघितलं आन म्हणले, ही बाई अजून अडकलीय कामून?”

हशा झाला. एका पहिलटकरणीने पदर तोंडात कोंबला. आतल्या खोलीत स्टोव्ह भरभरत होता. सावित्रम्मा नर्सबाई काचेची सिरिंज आणि सुया उकळत होती. पाणी चांगलं वीस मिनिटं उकळावं लागतं, आणि ही वीस मिनिटं फार वाईट. तो खळखळ आवाज ऐकत बसलेली पहिलटकरीण ‘आले हं’ म्हणून उठते ती थेट घरी जाऊन कडी लावते. म्हणून सावित्रम्मा मला बोलू देते. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. बोलावत कोणी नाही. पण महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मी टोपी घालतो, सायकल काढतो आणि इथे येऊन माझी गोष्ट सांगतो. गोष्ट संपेपर्यंत सुया उकळलेल्या असतात आणि बायका हसून सैल झालेल्या असतात. सुई सैल दंडाला कमी दुखते.

त्या दिवशी मात्र कडेच्या खांबाला टेकून कोंडाबाई बसली होती. शेजारी तिची लेक राजू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दहा वर्षांत कोंडाबाई या ओट्यावर कधी चढली नव्हती. मी ठरवलं की त्या खांबाकडे बघायचंच नाही. खरं म्हणजे त्या दिवशी मी दुसरी एखादी गोष्ट सांगायला हवी होती. माझ्याकडे गोष्टींना तोटा नाही. पण रोजच्या वाटेचा बैल दुसरीकडे वळत नाही.

“तर ऐका,” मी सुरुवात केली.

माझं नाव रेवणसिद्धप्पा. पण या चौदा गावांत विचारा, लोक ‘देवीवाले अप्पा’ म्हणतील. सत्तावन्न साली मी देवी टोचायच्या नोकरीला लागलो. निजामाची उर्दू नुकतीच गेली होती, म्हैसूर सरकारची कानडी आली होती आणि लोक बोलत होते मराठी. मी मराठीत ओरडायचो, कानडीत समजावायचो, दख्खनीत शिव्या खायचो आणि टोचून पुढे व्हायचो. माझ्या सायकलची घंटा वाजली की गाव रिकामं व्हायचं. आया पोरांना कणगीत लपवायच्या. एकदा अशीच एक कणगी ज्वारीने भरलेली, आणि तिच्यातून एक इवलासा हात वर आलेला. बाकी पोर ज्वारीत. मी काही बोललो नाही. हात धरला, टोचला, निघालो. त्या कणगीतल्या ज्वारीला पुढे सात वर्षं किडा लागला नाही.

“ज्वारीला बी देवी टोचलाव म्हणा की!” ईरम्मा.

“वण हाय त्या कणगीवर. जाऊन बग.”

चिंचेवर चढलेल्या पोराला मी चिंचेवर चढून टोचलं. घोड्यावरच्या नवरदेवाला वरातीत टोचलं, वाजंत्री थांबू दिली नाही. आळंदच्या बाजूला एका गावाने माझ्यावर कुत्रं सोडलं. मी कुत्र्यालाच टोचलं. ते कुत्रं पुढे इतकं शहाणं झालं की मी आलो की घरोघर जाऊन पोरं हुडकून द्यायचं. आता यातलं किती खरं, ते विचारू नका. पण एक खरं आहे: त्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकीच्या दंडावर माझी सही होती. सासवांच्याही आणि सुनांच्याही. देवीचा वण म्हणजे माझी सही. कलेक्टरची सही कागदावर असते, कागद फाटतो. माझी सही माणसाबरोबर मातीत जाते.

मग देवी गेली. अशी गेली की दिल्लीवाल्यांनी सांगितलं, संपली, आता टोचू नका. लोकांना आनंद झाला. मी तोंडाने ‘बरं झालं’ म्हणालो. घरी येऊन माझी दोन टोकांची सुई डबीतून काढली, पुसली, परत ठेवली. तोफ गंजायला लागली की शिपाई काय करतो? मी सायकलला तेल घालत बसलो.

आणि अठ्ठ्याहत्तर साली सावित्रम्मा आली.

आळंदची पोरगी. पंचवीसची असेल नसेल. पांढरं लुगडं, काळी छत्री, हातात घड्याळ. तिच्याजवळ नवी सुई. ही सुई पोटुशी बायांना द्यायची, म्हणजे आईलाही धनुर्वात होत नाही आणि पोटातल्या लेकराचाही जन्मल्यावर बचाव होतो. आणि मला हुकूम आला: लसीचा बर्फाचा डबा सायकलच्या कॅरियरवर बांधून रेवणसिद्धप्पाने सिस्टरच्या मागे जावे.

मागे! ज्या गावात मी घंटा वाजवत पुढे जायचो, त्या गावात मी डबा घेऊन मागे. पूर्वी मला बघून पोरं पळायची; आता पळेनात. तुम्हाला काय सांगू, पोरं पळत नाहीत हा किती मोठा अपमान असतो! एक शेंबडं पोर तर माझ्या सायकलचं पायडल फिरवत उभं राहिलं. बायका सावित्रम्माला आत नेऊन पाटावर बसवायच्या आणि तिच्या कानाला लागून काय काय सांगायच्या. बावीस वर्षं मी त्यांच्या दारात गेलो, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला दुधाचा चहा, वर आल्याचा तुकडा. मला बाहेर ओसरीवर, तोच चहा, पण पाणी घालून वाढवलेला. मी चव घेऊनच ओळखायचो की कपात किती दूध तिच्याकडे गेलं.

“अगं बया, जळत होतेव की तुमी!” ईरम्मा म्हणाली.

“जळत नव्हतो. धुपत होतो. जाळ दिसतोय तरी. धुपताना नुसतं डोळ्यातनं पाणी येतंय.”

तिचं अक्षरसुद्धा मला बघवत नसे. मी नोंद केली की कोंबडी कागदावर चालून गेल्यासारखी दिसायची. तिची नोंद म्हणजे मोत्याची लड. मोठे डॉक्टर म्हणायचे, ‘बघा, शिका.’ बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी शिकायचं! तिच्या सुईचा वण मात्र राहत नसे. दोन दिवसांत दंड कोरा. माझ्या जिवाला तेवढाच एक गारवा होता. मी मनात म्हणायचो, टोच बाई टोच, तुझी सही पाण्यावरची आहे.

घरीही सुटका नव्हती. माझी बायको लक्ष्मम्मा एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “सावित्रम्माचा हात लै हलका हाय म्हणं. सुई कधी लावली कळतच न्हाई म्हणायल्यात बाया.”

“कळत न्हाई तर लावली कशावरनं? निस्तं पाणी असंल.”

“आन तुमी लावलाव की चार गल्ल्या ऐकू जायचं.”

“ते काम होतं, काम!”

“व्हय की. आता तिचं बी कामच हाय. तुमी कामून जेवण टाकायलाव?”

मी ताट सारलं नव्हतं. सारायच्या बेतात होतो. मी परत ओढून घेतलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जळणाऱ्या माणसाला भूक लागत नाही, असं म्हणतात ना? साफ खोटं आहे.

गोष्ट इथपर्यंत आली की बायका पोट धरून हसतात. त्या दिवशीही हसल्या. एक सासू म्हणाली, “अप्पा, पुडं बोला, सुया उकळायल्यात.” खांबाकडून मात्र काही आवाज आला नाही.

तर एकोणऐंशीचा चैत. ऊन मी म्हणत होतं. आम्ही एका गल्लीत गेलो. कोणती ते मी सांगत नाही. सावित्रम्मा एका घरात गेली आणि मी कडुनिंबाखाली डबा धरून उभा राहिलो. त्या गल्लीत मला मान होता. का, तर देवी टोचताना जातपात बघता येत नाही. दंड हातात धरावाच लागतो. गावातले बाकी सरकारी लोक त्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कागद वाचायचे. मी आत जाऊन दंड धरायचो. मी काही थोर नव्हतो, सुईला दुसरा इलाज नव्हता. पण लोकांनी ते लक्षात ठेवलं होतं.

शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली. सातव्या महिन्याची. कमरेला हात देऊन उभी राहिली. तिच्या मागे सात-आठ वर्षांची एक पोरगी.

“जयभीम अप्पा.”

“जयभीम, बाई.”

“ही सुई नेमकी कशाची म्हणायची? आमचे मालक म्हणायल्यात, ही नसबंदीचीच हाय, निस्तं नाव बदललंय. त्या सालात रस्त्यावरनं उचलून नेलेव्हते माणसं. माझी सासू म्हणती, पोटातलं लेकरू वाळतंय हिनं.”

“सिस्टरला इचारा.”

“सिस्टर काल आल्यात. तुमी मला बी टोचलाव, हिला बी टोचलाव,” ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. “तुमी सांगा. घिऊ का नगं?”

काल आल्यात! हा शब्द माझ्या कानाला किती गोड लागला म्हणून सांगू. सावित्रम्मा आल्यापासून पहिल्यांदा मला कोणी काही विचारलं होतं. ‘घ्या’, एवढं एकच अक्षर तोंडातून जायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समोरच्या घराच्या दारातून मला दिसलं: सावित्रम्मा पाटावर बसली होती, तिच्या हातात पितळी पेला, आणि पेल्यावर दुधाची जाड साय.

मी म्हणालो, “बावीस वर्सात म्या पोटुशीला सुई लावली न्हाई. बाकी तुमचं तुमी बगा.”

खोटं नव्हतं हो! एक अक्षर खोटं नव्हतं. बिदरला शिकवतानाच आम्हाला सांगितलं होतं, देवीची लस पोटुशी बाईला टोचायची नाही. दारात पोटुशी दिसली की मी हात जोडून पुढे जायचो. आयुष्यभर थापा मारल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि त्या दिवशी एकच वाक्य अगदी खरं बोललो.

बाईने दंडावर सरकवलेली चोळीची बाही खाली ओढली. पोरीला म्हणाली, “चल घरात.” दार लागलं. मग शेजारचं लागलं. देवीवाले अप्पा नको म्हणाले, देवीवाले अप्पा नको म्हणाले. वणव्यासारखं ते गल्लीच्या त्या टोकाला गेलं. सावित्रम्मा बाहेर आली तेव्हा बारा दारं बंद होती. डब्यातला बर्फ वितळून माझ्या पायावर पाणी गळत होतं, आणि मला, शरम वाटते सांगायला, मला शीळ घालावीशी वाटत होती.

“घातलाव काय शीळ?” ईरम्माने विचारलं. ती हसत नव्हती.

“न्हाई. ओठ कोरडे पडले होते.”

परतताना सावित्रम्मा पायी चालली होती, मी सायकल ढकलत. मला वाटलं ती रडेल, मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार करेल. उलट तिने विचारलं, “अप्पा, देवीची सुई पोटुशीला कामून लावत नव्हतेव?”

“हुकूम नव्हता.”

“हुकूम कामून नव्हता?”

बावीस वर्षं मी ते विचारलंच नव्हतं.

“ती लस जिवंत होती, अप्पा,” ती म्हणाली. “बारक्या देवीचा जीव होता तिच्यात. आईच्या अंगातनं लेकराला लागंल, म्हणून भ्यायचं. ह्या सुईत जीवच न्हाई. धनुर्वाताचं विष घ्यायचं, त्याची नांगी मोडायची, आन ते द्यायचं. आईचं अंग त्याला वळखून ठिवतंय आन लेकराला शिकवून पाठवतंय. एक सुई नगं म्हणून दुसरी बी नगं, असं न्हाई. परतेक सुई येगळी. परतेकीला इचारावं लागतंय.”

ती पोरगी मला शिकवत होती, आणि ते बरोबर होतं, आणि बरोबर असल्यामुळेच ते जास्त झोंबत होतं.

मग ती म्हणाली, “सत्तावन सालचा ताप ठाव हाय का तुमाला? फ्लूचा?”

ठाऊक होता. मी नोकरीला लागलो ते साल. गावंच्या गावं खोकत होती.

“माझी आई त्यात गेली. सात म्हैन्याची होती. म्या चार वर्साची. लोक चार दिस निजून उठायले. आईला मात्र दम लागला. पोटुशीला तसला ताप लै वंगाळ. छाती भरून आली आन दोन दिसात गेली, पोटातल्यासकट. आमच्या आळंदात तवा त्या तापाची सुई कुणी ऐकली बी नव्हती. मोठ्या शहरात होती म्हणं. उद्या हितं बी यील, पोटुशीला बी द्यायला सांगतील. आन तवा बी कुणीतरी दारात हुबा राहून म्हणंल, तुमचं तुमी बगा.”

बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, सायकल ढकलत काय विचार करत होतो माहीत आहे? हिचं दुःखसुद्धा माझ्यापेक्षा मोठं निघालं. तिथेही ही पुढे आणि मी मागे. असूया एकदा घरात शिरली की ती चांगलं-वाईट बघत नाही, जे दिसेल ते मागते.

ओट्यावर सगळं शांत झालं होतं. ही शांतता लांबू द्यायची नसते. मी टोपी काढून मांडीवर आपटली.

“आन मग,” मी म्हणालो, “मग पुढच्याच मंगळवारी देवीवाले अप्पा काय केले, ते ऐका!”

पुढच्याच मंगळवारी मी डबा घेऊन त्याच गल्लीत गेलो. या खेपेला मी पुढे आणि सावित्रम्मा मागे. कडुनिंबाखाली स्टूल मांडलं आणि स्वतः त्यावर बसलो. बाही वर केली. ओरडलो, “या गं बायानू! देवीवाले अप्पा पोटुशीची सुई घ्यायल्यात! वाळलो तर मी वाळतो!” दारं किलकिली झाली. मग उघडली. पोरं जमली. सावित्रम्मा म्हणाली, “अप्पा, खुळ्यागत करू नका, एकेका सुईची नोंद करावी लागती.” मी म्हणालो, “कर की नोंद.” “ह्या रजिस्टरात निस्त्या पोटुशीच बसत्यात.” “मग बसीव मला.”

तिने लेखणी उघडली. नाव? रेवणसिद्धप्पा. वय? पन्नास. नवऱ्याचं नाव? लक्ष्मम्मा. महिने? तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलंच नाही, नऊ लिहिले. गल्ली अशी हसली, अशी हसली, की कडुनिंबावरचे कावळे उडाले ते उदगीरला जाऊन बसले. सावित्रम्माने सुई लावली. आणि काय सांगू तुम्हाला, खरंच कळली नाही! मी म्हणालो, “लाव की आता.” ती म्हणाली, “लावून झाली.” तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की तिचा हात हलका आहे. मी घरी जाऊन लक्ष्मम्माला हे सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

“आन ती बाई?” खालच्या पायरीवरची एक पहिलटकरीण म्हणाली. “सातव्या म्हैन्याची?”

“ती? ती हसत हसत समद्याच्या आदी पुडं आली. बाही वर केली. म्हणली, अप्पा नऊ म्हैन्याचे घेतले, म्या सातव्याची कामून नगं? तिनं घेतली, मागनं अकरा दारांनी घेतली. जेठात बाळंत झाली. पोरगं झालं. असं गुटगुटीत, असं द्वाड! आज पाचवीत हाय. मास्तरच्या सायकलीची हवा सोडतंय.”

आत स्टोव्हची हवा सोडल्याचा सुस्कारा ऐकू आला. गोष्टीच्या या जागेला सावित्रम्मा नेहमी स्टोव्ह बंद करते. दहा वर्षांत तिने कधी दाराबाहेर येऊन एक शब्द काढला नाही.

बायका टाळ्या पिटत होत्या. ईरम्मा डोळे पुसत म्हणाली, “अप्पा, तुमचं बाळंतपण म्याच करणार बगा.” सावित्रम्मा दारात आली, हातात झाकलेला ट्रे. “कोण यायलंय पहिलं?”

नेहमी इथे जरा ढकलाढकली होते. त्या दिवशी झाली नाही. कोंडाबाई उठली. लेकीचा हात धरून तिने तिला आत नेलं. राजूचे ओठ पांढरे पडले होते, पण ती चालत गेली. दारातून मला दिसत होतं. कोंडाबाईनेच तिची बाही वर केली आणि सावित्रम्माला म्हणाली, “बाई, म्हैन्यानं दुसरी बी म्या घिऊन यीन. तुमी बोलवायला येऊ नका.” सावित्रम्माने नुसती मान हलवली. सुई लागली. राजूला कळलीसुद्धा नसावी, कारण ती अजून डोळे मिटूनच होती.

मग कोंडाबाई बाहेर आली. दंडावर कापूस दाबून धरलेली राजू तिच्या मागे. मला वाटलं, पायऱ्या उतरून जाईल. मी टोपी घालायला लागलो. ती माझ्या समोर येऊन थांबली. दहा वर्षांनी आमची नजरानजर झाली. ती रागात नव्हती. त्याने मला जास्त भीती वाटली.

“अप्पा,” ती म्हणाली, “खोटं बोलायलाव तुमी.”

ओट्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

“कोंडाबाई, गोष्ट हाय ती. जरा इकडं तिकडं...”

“तुमी सुई घेतलाव ते खरं. म्या दारातनं बघितलं. नवऱ्याच्या जागी लक्ष्मम्माक्काचं नाव सांगितलाव, ते बी ऐकलं. समदी गल्ली हसली. म्या हसले न्हाई. कारण ते पुढच्या मंगळवारी न्हाई, अप्पा. पेरण्या उरकल्या होत्या तवा. माझं लेकरू जाऊन वीस दिस झाले होते.”

मी राजूकडे बघितलं. तिने डोळे खाली घातले होते. चैतात दारात उभी असलेली ती सात-आठ वर्षांची पोरगी.

“सहाव्या दिशी दूध सोडलं त्यानं,” कोंडाबाई म्हणाली, अगदी बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात. “हिनं चमच्यानं घालून बघितलं. तोंड उघडलंच न्हाई. आठव्या दिशी गेलं. तुमी वाईट माणूस न्हाई, म्हणून म्या दहा वर्सं बोलले न्हाई. नंतर बाकीच्या अकरा घरात सुई गेली ती तुमच्यामुळंच गेली, ते बी मला ठाव हाय. पर आज माझ्या लेकीपुडं त्याला जित्ता केलाव. पाचवीत बसीवलाव.”

राजूच्या दंडावरचा कापूस घसरला होता, तो तिने नीट दाबला.

“बाराव्या दिशी नाव ठिवणार होतो आमी. राहिलं. आता तुमी शाळंत घातलाव म्हणताव, तर मास्तर हजेरीला काय म्हणून हाक मारायल्यात त्याला, तेवढं सांगा की, अप्पा.”